१२.१८ मोठे की १३.८? फायनलच्या शीटच्या नोंदी

रविवार, १ ऑक्टोबर २०२३

काल एएफएलची, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या (इथल्या भाषेत ‘फूटी’) लीगची, फायनल झाली. कॉलिंगवूड १२.१८ (९०), ब्रिस्बेन लायन्स १३.८ (८६). एमसीजीवर १,००,०२४ माणसं आणि आमच्या हॉलमध्ये सात. त्यातले पाच जण ‘हे नक्की काय चाललंय’ असं दर दहा मिनिटांनी विचारणारे. आज पहाटे उन्हाळी वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे गेली, म्हणजे आधीच कमी झालेली झोप आणखी कमी. तरी ही फाइल आजच उघडतोय, नाहीतर राहून जाईल.

काम असं. चिरंजीवांच्या अंडर-१४ संघाचे कोच सीझन संपताना म्हणाले होते की पुढच्या वर्षी प्रत्येक सामन्यानंतर मुलांना एका पानावर काहीतरी दाखवायचंय. कोण कसं खेळलं, संघ कुठे कमी पडला. ‘तू आयटीत आहेस ना, मग तुला येत असेलच.’ (आयटीवाल्याला प्रिंटरपासून फुटबॉलपर्यंत सगळं येतं ही समजूत सातारा आणि मेलबर्न इथे सारखीच आहे.) मी या संघाचा रविवारचा गोल अंपायर, म्हणजे गोलपाशी उभा राहून गुण नोंदणारा पंच. दोन पांढरे झेंडे, एक कार्ड, एक पेन्सिल. फूटीशी माझं नातं एवढंच. मुलांच्या सामन्यांचा धड डेटा नाही, म्हणून शीट आधी या फायनलवर करून बघायची. सामना सगळ्यांनी पाहिलाय आणि रेकॉर्डिंगही आहे.

नियम एकदाच लिहून ठेवतो, कारण या नोंदी पुण्यात बहीणही वाचणार आहे. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून पायाने मारलेला चेंडू मध्ये कुणाचाही स्पर्श न होता गेला की गोल, सहा गुण. उंच आणि आखूड खांबांच्या मधून गेला, उंच खांबाला लागला किंवा वाटेत कुणाचा हात लागून पार झाला, तर बिहाइंड, एक गुण. म्हणजे १२.१८ हे बारा गोल, अठरा बिहाइंड. ते दशांशचिन्ह नव्हे. ऑफिसात नवीन आलेल्या एका पुणेकराने मागे विचारलं होतं, ‘अहो, पण १३.८ मोठे ना?’ तेव्हा आम्ही हसलो होतो. काल रात्री मलाच तो प्रश्न पडला. ब्रिस्बेनने एक गोल जास्त मारला आणि ते हरले.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ‘अरे, पितृपक्षात नवीन काम काढू नये.’ म्हटलं, फाइलला नाव गुरुवारीच दिलं होतं, अनंत चतुर्दशीला. त्यावर ती म्हणाली, ‘म्हणजे विसर्जनाच्या दिवशी मुहूर्त केलास होय!’

सोमवार, २ ऑक्टोबर

पहिला हिशेब जेवणाच्या सुट्टीत, कागदाच्या पाठीवर.

कॉलिंगवूडचे स्कोअरिंग शॉट १२ + १८ = ३०. ब्रिस्बेनचे १३ + ८ = २१. कॉलिंगवूडचे ४० टक्के शॉट गोल झाले, ब्रिस्बेनचे जवळजवळ ६२ टक्के. एका शॉटमागे कॉलिंगवूडला बरोबर ३ गुण, ब्रिस्बेनला ४.१.

गोल व्हायची शक्यता ‘श’ धरली आणि हुकलेला प्रत्येक शॉट निदान बिहाइंड होतो असं मानलं, तर एका शॉटची किंमत १ + ५श. दोन्ही संघ मिळून ५१ शॉट, २५ गोल, १७६ गुण, म्हणजे शॉटमागे ३.४५. दोघांचाही नेम याच सरासरीचा असता तर कॉलिंगवूड १०३.५, ब्रिस्बेन ७२.५. चार गुणांचा सामना एकतीस गुणांचा झाला असता!

हे पलीकडच्या टेबलावरच्या कॉलिंगवूड भक्ताला दाखवलं. त्याने कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि फ्रिजवर लावला. ब्रिस्बेनकडची एक जण आहे, तिने येता-जाता वाचलं आणि म्हणाली, ‘तीस वेळा दार ठोठावलं म्हणजे घर तुझं होत नाही.’

मला मात्र हिशेब फार आवडला. इतका सोपा हिशेब इतका आवडला की कुठेतरी शेण खाल्लेलं असतं.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

खाल्लंच होतं.

जुलैमधला एक सामना आठवला. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी माझं कार्ड आणि समोरच्या टोकाच्या गोल अंपायरचं कार्ड जुळेना, एका गुणाचा फरक. मी ते लांबलचक मैदान चालत पार केलं. तिकडे पांढऱ्या कोटातले एक आजोबा शांतपणे उभे. त्यांनी आपलं कार्ड माझ्यासमोर धरलं आणि पेन्सिलीचं टोक एका बारीक रेघेवर ठेवलं. रश्ड बिहाइंड. आमच्या बचावपटूने स्वतःच चेंडू रेषेपार ढकलला होता. मी एक बोट दाखवलं होतं, झेंडाही हलवला होता, पण कार्डावर रेघ मारायची राहिली. कारण मनात तो ‘शॉट’ नव्हताच. कुणी मारलाच नव्हता!

आणि काल मी असल्या प्रत्येक रेघेला शॉट म्हणून मोकळा झालो.

बचावात अडकलेला खेळाडू सहा गुण वाचवायला एक गुण देतो, कबड्डीत रेडरला बोनस देऊन रिकाम्या हाताने परत पाठवतात तसं. वर चेंडूही त्याच्याच संघाला मिळतो, गोलसमोरून किक-इन करायला. तेव्हा बिहाइंडच्या आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरलेल्या असतात: हुकलेला नेम आणि विकत घेतलेली सुटका.

याचा सगळ्यात मोठा नमुना २००८ ची फायनल. हॉथॉर्न १८.७ (११५), जिलॉन्ग ११.२३ (८९). त्या सीझनला साखळीत जिलॉन्ग फक्त एक सामना हरला होता. माझं कालचं यंत्र लावलं तर जिलॉन्गचे ३४ शॉट, हॉथॉर्नचे २५, आणि ‘खरा’ निकाल जिलॉन्ग एकतीस गुणांनी विजयी. (पुन्हा एकतीस. यंत्रालाच हा आकडा आवडतो की काय.) पण त्या २३ बिहाइंडपैकी ११ रश्ड होते, हॉथॉर्नच्या बचावाने दिलेले. ते काढले की जिलॉन्गचे उरले २३. चौतीसला पंचवीस होते, ते तेवीसला पंचवीस झाले. हॉथॉर्नच्या सातमध्येही असे काही असू शकतात, पण चित्र उलटलं ते उलटलंच. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, नियम आला: दबाव नसताना मुद्दाम चेंडू रेषेपार घालवला तर समोरच्याला फ्री किक, गोलच्या तोंडावर.

फ्रिजवरचा कागद काढायला गेलो. भक्ताने लॅमिनेट करून आणलाय.

शीटसाठी ठरलं: ‘शॉट’ म्हणजे गोलच्या इराद्याने पायाने मारलेला चेंडू. रश्ड वेगळ्या चौकटीत. आणि जे शॉट आखूड पडले किंवा थेट मैदानाबाहेर गेले, तेही धरायचे. ते १२.१८ मध्ये कुठेच नसतात, पण संधी तर वाया गेलेली असते.

शनिवार, ७ ऑक्टोबर

पहिला क्वार्टर मांडला. घड्याळाचा खेळ वीस मिनिटांचा, थांबलेला वेळ धरून तीसच्या आसपास. मला लागले पावणेतीन तास. चहा दोनदा.

पद्धत अशी. ए-तीन कागदावर लंबगोल काढला, दोन्ही टोकांना गोलपासून पन्नास मीटरची कमान. चेंडू एका संघाकडे आला की साखळी सुरू, सुटला की संपली. प्रत्येक साखळीची एक ओळ. चेंडू कुठे मिळाला, कसा मिळाला, कुठे संपला. कसा मिळाला याला तीन अक्षरं: ‘थ’ म्हणजे थांबलेल्या खेळातून (सेंटर बाउन्स म्हणजे अंपायरने मधोमध आपटलेला, बॉल-अप म्हणजे त्याने वर उडवलेला, किंवा बाउंड्रीवरून आत फेकलेला), ‘ह’ म्हणजे समोरच्याकडून हिसकावलेला, ‘क’ म्हणजे किक-इन. आधी इंग्रजी अक्षरं वापरत होतो, पण टर्नओव्हर आणि थ्रो-इन दोघांनाही एकच अक्षर आलं आणि अर्धं पान वाया गेलं.

लिहिताना पहिली गोष्ट जाणवली ती ही की टीव्हीवर चेंडू दिसतो, खेळ दिसत नाही. अठरा विरुद्ध अठरा, सुमारे एकशे साठ मीटर लांब मैदान, आणि कॅमेरा त्यातल्या आठ-दहा जणांवर. समोरचा रिकामा बचावपटू का रिकामा राहिला हे चौकटीबाहेर घडतं. क्लबांकडे मागच्या उंच कॅमेऱ्याचं चित्रण असतं, खेळाडूंच्या पाठीवर जीपीएस असतं. चॅम्पियन डेटा या कंपनीची माणसं लीगसाठी सामना चालू असतानाच प्रत्येक स्पर्श नोंदतात. माझ्याकडे पॉझचं बटण आहे.

कॉलिंगवूडचा नेथन मर्फी पहिल्याच क्वार्टरमध्ये डोक्याला मार लागून बाहेर गेला आणि परतला नाही. हे कोणत्या रकान्यात लिहू? कॉलिंगवूडचा बचाव तिथून उरलेला सामना वेगळ्या मांडणीने खेळला. त्याच्या नावापुढे आकडे जवळपास नाहीत आणि सगळ्या शीटवर त्याचा परिणाम आहे. समासात लिहिलं, लाल पेनने.

रविवार, ८ ऑक्टोबर

दुसरा क्वार्टर. इथे कॉलिंगवूडच्या बॉबी हिलचा तो मार्क (किकवरचा चेंडू हवेतच झेलणं) आहे.

मी हे पंधरा सेकंद किमान दहा वेळा पाहिले. उंच किक गोलसमोर येते. ब्रिस्बेनचा ब्रँडन स्टार्सेविच चेंडूखाली, जागा अगदी बरोबर, नजर वर. हिल मागून धावत येतो आणि त्याच्यावर चढतो, म्हणजे अक्षरशः दहीहंडीतल्या वरच्या थरासारखा, आणि हात डोक्याच्या वर नेऊन चेंडू पकडतो. स्टार्सेविचने काही चूक केली असं दहाव्यांदा बघूनही म्हणता येत नाही.

शीटवर काय आलं? ‘मार्क, कंटेस्टेड (म्हणजे प्रतिस्पर्ध्याशी झुंजत घेतलेला): १.’ खाली त्याच क्वार्टरमध्ये गर्दीत छातीवर घेतलेला दुसऱ्या कुणाचा तरी मार्क, तोही ‘१’. चिरंजीव शेजारी बसून बघत होते. म्हणाले, ‘बाबा, तू दोघांना सेमच दिलंस?’ दिलं. रकाना एकच आहे.

संध्याकाळी दोन्ही क्वार्टरांची बेरीज अधिकृत स्कोअरशी ताडून पाहिली. कॉलिंगवूडचा एक बिहाइंड कमी. सगळं पुन्हा मागे नेलं. दुसऱ्या चहाला उठलो तेव्हा रेकॉर्डिंग थांबवलं आहे असं मला वाटलं होतं, प्रत्यक्षात ते चालू होतं. सापडला.

सोमवार, ९ ऑक्टोबर

काल रात्री चेन्नईत भारत-ऑस्ट्रेलिया होता, त्यामुळे आज डोळे अर्धे. ऑस्ट्रेलिया १९९, मग आपले २ धावांत ३ बाद. मध्यरात्री या घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मग कोहलीने १२ वर असताना हवेत मारला आणि मिचेल मार्शने तो सोडला. कोहली ८५, राहुल नाबाद ९७, सामना आपला. मार्शचं सुटलेलं झेल स्कोअरकार्डावर कुठे आहे? नाही. आणि त्या सामन्यात त्याहून महत्त्वाचं फार काही घडलं नव्हतं.

म्हणून आज खेळाडूंचा भाग.

सगळ्यात सहज मिळणारा आकडा डिस्पोजल, म्हणजे किक अधिक हँडबॉल (मुठीने ठोसून दिलेला पास). फायनलच्या सामनावीराचं नॉर्म स्मिथ मेडल मिळालं बॉबी हिलला: १८ डिस्पोजल, ४ गोल. त्याच्यापेक्षा जास्त वेळा चेंडू हाताळलेले खेळाडू मैदानावर होतेच, निक डायकॉस त्यातला एक. डिस्पोजलच्या क्रमाने यादी लावली तर सामनावीर शोधायला पान खाली सरकवावं लागतं.

मग फँटसीचं सूत्र लावून पाहिलं, कारण मुलांना ते तोंडपाठ आहे. किक ३, हँडबॉल २, मार्क ३, टॅकल ४, हिट-आउट १, गोल ६, बिहाइंड १, मिळालेली फ्री किक १, दिलेली उणे ३. आता बघा. गोल पायानेच होतो, म्हणजे किकचे ३ आणि गोलचे ६, एकूण ९. चार गोल ३६. बचावफळीत मोकळ्या जागी शेजाऱ्याला अठरा वेळा हँडबॉल दिला तरी ३६. फायनलमधले चार गोल आणि अठरा वेळा ‘घे रे, तूच बघ’ यांची किंमत एक!

सूत्राला दोष देत नाही. ते खेळ म्हणून बनवलंय, निदान म्हणून नाही. पण आमच्या संघातली दोन-तीन पोरं सामना संपला की आईला विचारतात, ‘माझे किती झाले?’ आणि मग पुढच्या रविवारी गोलसमोर जागा असताना मागे हँडबॉल देतात. ही सवय शीटने लावायची की मोडायची, हे आधी ठरलं पाहिजे.

तेव्हा प्रत्येक खेळाडूला दोनच गोष्टी: गोल किंवा शॉटमध्ये संपलेल्या किती साखळ्यांत त्याचा हात किंवा पाय होता, आणि किती साखळ्या त्याच्याकडून तुटल्या. पहिल्याला इथे स्कोअर इन्व्हॉल्व्हमेंट म्हणतात, म्हणजे मी काही शोध लावलेला नाही. बचावपटूंवर यात अन्याय होतो, ते कळतंय. ज्याच्या बाजूला चेंडू आलाच नाही तो सगळ्यात चांगला खेळला असेल.

मंगळवार, १० ऑक्टोबर

काही नाही. लॅपटॉप ऑफिसात राहिला.

शनिवार, १४ ऑक्टोबर

सकाळी शाळेत सार्वमताचं मतदान, बाहेर सॉसेजची रांग. शाळेमागेच ओव्हल आहे, म्हणून टेप, खुणेचे प्लॅस्टिकचे शंकू आणि चिरंजीवांना घेऊन तिकडेच गेलो. शॉट किती अवघड होता हे डोळ्यांनी ठरवायचं नाही, मोजून ठरवायचं.

उंच खांबांमधलं अंतर ६.४ मीटर. बरोबर समोरून ३० मीटरवर उभं राहिलं तर गोल १२ अंशांत दिसतो. समोरूनच ५० मीटरवर ७.३ अंश. आता ३० मीटरवरच, पण ४५ अंश बाजूला सरका: ८.७ अंश. आणखी बाउंड्रीकडे, ७५ अंशांवर: ३.२. कागदावर हे सगळ्यांना पटतं. मैदानात बाउंड्रीपाशी उभं राहून बघितलं तेव्हा दोन खांब जवळजवळ एकामागे एक आले, आणि मी आजवर टीव्हीसमोर ज्यांना ज्यांना शिव्या दिल्या त्या सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

चिरंजीवांनी प्रत्येक शंकूपासून दहा किक मारल्या. समोरून तिसावर दहापैकी सात. पंचेचाळीस अंशांवर चार. बाउंड्रीपासून एक, तीही त्यांच्या मते मुद्दाम वळवलेली. पन्नासावरून चेंडू पोचलाच नाही, तेव्हा चौदा वर्षांखालच्यांच्या शीटवर पन्नासची कमान हवी कशाला? पस्तीसची केली.

घरी येऊन फायनलचे शॉट या कोनांनुसार तीन गटांत टाकले: सोपे, बरे, अवघड. इथे घोळ झाला. सेट शॉटला, म्हणजे मार्क किंवा फ्री किकनंतर थांबून मारलेल्याला, तीस सेकंद मिळतात. धावता धावता, मागे कुणीतरी कंबर धरत असताना मारलेल्याला काहीच नाही. अंश तेच. त्यामुळे प्रत्येक गटाचे दोन भाग, एकूण सहा. ५१ मधून रश्ड वगळून सहा खोकी भरली की प्रत्येकात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके शॉट उरतात आणि टक्केवारी काढणं म्हणजे स्वतःची फसवणूक. टक्केवारीचा रकाना पुसला, नुसते ठिपके ठेवले. भरीव गोल, पोकळ बिहाइंड, फुली काहीच नाही.

एक चौकट अजून रिकामी आहे. रेषेवर बचावपटूचं बोट लागून गेलेला चेंडू माझ्या मते हुकलेला शॉट, चिरंजीवांच्या मते रश्ड. दोघांचे आकडे वेगळे येतात. एकमत होईपर्यंत तिथे काही लिहायचं नाही असा तह झालाय.

रविवार, १५ ऑक्टोबर

घटस्थापना. पितृपक्ष संपला, आई म्हणते आता काय ते कर.

शेवटचा क्वार्टर राखून ठेवला होता. शेवटची काही मिनिटं बघताना, निकाल माहीत असूनही, पेन्सिल बाजूला राहिली. चार्ली कॅमेरूनच्या गोलने ब्रिस्बेन पुढे. मग कॉलिंगवूडचा जॉर्डन डी गोई लांबून. मग त्यांचाच स्टील साइडबॉटम, तोही लांबून. मग ब्रिस्बेनच्या जो डॅनिहरचा गोल आणि फरक चार. माझ्या कोनांच्या तक्त्यात डी गोई आणि साइडबॉटमचे शॉट ‘अवघड’ खोक्यात पडतात. दिवसभर कॉलिंगवूडने बिहाइंडची रास घातली आणि सामना जिंकला तो या दोन ठिपक्यांवर.

मग इथे मी अडकलो. ‘कॉलिंगवूड दबावाखाली थंड डोक्याने खेळतो’ असं शीटच्या खाली लिहायचं होतं. पुरावाही आहे: यंदाच्या तीन ‘फायनल्स’मध्ये (साखळीनंतरच्या सगळ्याच सामन्यांना इथे तसं म्हणतात) मेलबर्न संघावर ७ गुणांनी, जीडब्ल्यूएसवर (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) १ गुणाने, आणि हा ४ गुणांनी. तीन सामने मिळून बारा गुण, म्हणजे दोन गोल. पण याच संघाने २०२२ ची प्रिलिमिनरी फायनल (म्हणजे उपांत्य सामना) सिडनीविरुद्ध ९५-९४ अशी एका गुणाने घालवली, आणि २०१८ ची फायनल वेस्ट कोस्टविरुद्ध पाच गुणांनी. तेव्हा काय डोकं गरम होतं?

२०१० आठवलं. कॉलिंगवूड ९.१४ (६८), सेंट किल्डा १०.८ (६८). बरोबरी. तेव्हा जादा वेळ नव्हता, पुढच्या शनिवारी पुन्हा सामना. तेच दोन संघ, तेच मैदान: कॉलिंगवूड १६.१२ (१०८), सेंट किल्डा ७.१० (५२). पहिल्या सामन्यानंतर कुणी शीट बनवली असती तर तिने ‘दोघे तुल्यबळ’ म्हटलं असतं, दुसऱ्यानंतर ‘काहीच तुलना नाही’. मध्ये सात दिवस. (आता बरोबरी झाली तर जादा वेळ खेळतात. डेटावाल्यांचं नुकसान झालं.)

थंड डोक्याचं वाक्य खोडलं. जाता जाता: कॉलिंगवूडचे कोच क्रेग मॅकरे हे खेळाडू म्हणून २००१, २००२, २००३ ची तीन विजेतेपदं ब्रिस्बेनकडून जिंकलेत, आणि त्यातली शेवटची दोन कॉलिंगवूडला हरवून. शीटशी याचा संबंध शून्य, पण मला सांगायचं होतं.

शनिवार, २१ ऑक्टोबर

कोचला शीट दाखवली. त्यांच्या गॅरेजमध्ये, बार्बेक्यू साफ करता करता. एका पानात चौदा रकाने, दोन आलेख, ठिपक्यांचं मैदान. मी समजावून सांगत होतो, ते मान डोलवत होते. मग हात पुसले, खिशातून पेन काढला.

डिस्पोजल खोडलं. टॅकल खोडलं. ‘इनसाइड पन्नास’ (चेंडू किती वेळा पन्नासच्या कमानीत नेला) खोडलं. साखळी तुटल्याचा रकाना आला तेव्हा विचारलं, ‘हे नावानिशी लावणार तू? तेरा वर्षांच्या पोराच्या नावापुढे, भिंतीवर?’ मी गप्प. नावाच्या ऐवजी मैदानाचा भाग लिहायचा असं ठरलं: कुठे तुटल्या, कुणाकडून नाही. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं याची थोडी लाज वाटली. जुलैत मी एक रेघ विसरलो तेव्हा त्या आजोबांनी हाक मारून साऱ्या मैदानाला सांगितलं नव्हतं.

ठिपक्यांच्या मैदानावर मात्र ते थांबले. कॉलिंगवूडचे पोकळ ठिपके बाउंड्रीकडे बोट फिरवत बघितले. म्हणाले, ‘हे ठेव. पोरांना हे बोलून सांगून कळत नाही, मी चार वर्षं ओरडतोय.’ आणि ‘थ, ह, क’ ठेवलं, फक्त त्याला रंग द्यायला सांगितले, कारण ती अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत.

चौदातले दोन उरले. तीन आठवड्यांचं काम होतं, त्यामुळे गाडीत बसेपर्यंत तोंड कडू. घरी पोचेस्तोवर मान्य केलं.

सोमवार, २३ ऑक्टोबर

खंडेनवमी. देवघरासमोर बायकोने तिचं स्टेथोस्कोप ठेवलं, मी लॅपटॉप आणि दोन पांढरे झेंडे, चिरंजीवांनी लाल शेरिन. तो लंबगोल चेंडू पाटावर उभा राहीना, शेवटी तांदळाची वाटी खाली ठेवली. व्हिडिओ कॉलवर आईने चेंडूलाही हळदकुंकू वाहायला लावलं.

नव्या शीटची पहिली प्रत छापली. थ निळा, ह केशरी, क हिरवा. कमान पस्तीसची. रश्डची चौकट अजून रिकामी. चिरंजीव म्हणतात, सीझन सुरू होईपर्यंत त्यांच्याकडे वेळ आहे.